चाल नंबर चार

इद्रिसचाचाबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल दोन शब्द खर्च करावे लागतील, कारण त्याचं जे काही झालं ते माझ्या तोंडून झालं. मी अमृत. शहाद्याच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, जातीचा दाखला, आधारची दुरुस्ती, सगळं. अर्ध्या तालुक्याचे ईमेल माझ्या कॉम्प्युटरवर आहेत आणि त्यांचे पासवर्ड माझ्या वहीत. लोक येतात, ओटीपी आला की आकडा वाचून दाखवतात, आणि कशाला होकार दिला ते विचारत नाहीत. विचारलं तर मी खेकसतो. मागे दहाजण रांगेत उभे असताना एकेकाला काय काय समजावत बसू?

इद्रिसचाचा आमच्याकडच्या न्यू गुलशन बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. चौतीस वर्षं वाजवली. शहादा, तळोदा, पार शिरपूरपर्यंतच्या वराती त्यानं पायी चालत पोचवल्या आहेत. मागे बँडची गाडी, तिच्यावर भोंगे आणि कीबोर्डवर सारंगखेड्याचा हेमकांत पाटील. गाडीच्या पुढे ढोल घेऊन वाहरू, आणि सगळ्यांच्या पुढे चाचा. अंगावर सोनेरी झालरीचा लाल कोट, तोही मे महिन्यात. माणूस इतका बारीक की कोट एकटाच चालला आहे असं वाटायचं. हे मी त्याच्या तोंडावर म्हणायचो आणि तो हसायचा. त्याला राग येत नसे. मला येतो तेवढा दोघांना पुरायचा.

आता त्याच्या चाली. वरातीत एक सिनेमाचं गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत नाचणारे दम खातात, पाणी पितात, कोणाची तरी चप्पल हरवते. तेवढ्यात बँडनं गप्प बसायचं नसतं. मग चाचा स्वतःचं काहीतरी वाजवायचा. अशा सात चाली त्यानं वर्षानुवर्षांत बांधल्या होत्या. त्यांना नावं नव्हती, नंबर होते. त्यानं पाठीमागे हात नेऊन चार बोटं दाखवली की वाहरूनं चार नंबरचा ठेका धरायचा. त्या चाली कोणी ऐकल्या असतील असं मला वाटत नाही. पाणी पिताना कोण ऐकतो?

गेल्या वर्षी जूनमध्ये लगीनसराई संपली आणि चाचाच्या वरच्या पुढच्या चार दातांनी हालायला सुरुवात केली. साखरेचा आजार जुना, हिरड्या कुजलेल्या. दातांचे डॉक्टर म्हणाले, लगेच काढा, नाहीतर पू पसरेल. क्लॅरनेट वाजवताना वरचे दात तिच्या तोंडावर टेकवावे लागतात. ते गेले की पकड गेली. कवळी लावून वाजवणारे असतात म्हणे, पण चाचानं बँडमधल्या एका म्हाताऱ्याचा तो प्रयोग पाहिला होता आणि त्याला तो नको होता. म्हणजे त्याच्याकडे थोडेच महिने उरले होते. चौतीस वर्षांत त्याच्या वाजवण्याचं काही म्हणता काही राहिलं नव्हतं; लग्नांच्या व्हिडिओत सुद्धा त्या जागी शूटिंगवाले दुसरंच गाणं चिकटवतात.

हेमकांतनं फोनवर कुठेतरी पाहिलं की मुंबईत एक कंपनी आहे, ती नुसत्या वाद्यांचे तुकडे घेते. सीरियलवाल्यांना प्रसंगाच्या मागे लावायला संगीत लागतं. ते दर वेळी नवं करून घेत नाहीत, अशा कंपनीच्या साठ्यातून परवाना घेऊन उचलतात. हेमकांतनं चाचाला सांगितलं आणि चाचाला झपाटल्यासारखं झालं. आपली क्लॅरनेट एकदा टीव्हीवर वाजावी, घराघरात ऐकू यावी, मग दात गेले तर गेले. त्याची बायको अमिनाचाची माझ्याकडे आली, म्हणाली, "अमृतभाऊ, यास्ले तुम्ही तरी सांगा. तोंडमा पू व्हई जाई, मंग काय दवाखानामा वाजाडतीन का?" मी सांगितलं. चाचा म्हणाला, "दात मन्हा शेतस, कव्हय काढाना ते मी ठरावसू."

सातही चाली त्यांनी बँडच्या गाडीवर वाजवून एका दमात रेकॉर्ड केल्या आणि चाचाचं नाव, मोबाइल नंबर देऊन माझ्या ईमेलवरून पाठवल्या. कंपनीला प्रत्येकीला इंग्रजी नाव हवं होतं. ते मी ठेवलं. 'हॅपी व्हिलेज', 'वेडिंग डे', असली. चार नंबरची चाल संथ होती, तिला मी 'सॅड रिव्हर' म्हटलं. मला संगीतातलं ओ का ठो कळत नाही, पण तापी जवळ आहे आणि चाल रडकी आहे, बसलं नाव.

जुलैत नकार आला. इंग्रजी मेल, चांगली लांबलचक. माझं इंग्रजी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात अडकलेलं, तरी मी अर्थ लावला. एक, ढोल आणि क्लॅरनेट एकमेकांत मिसळले आहेत, वेगळे करता येत नाहीत. दोन, सूर एक क्षणही थांबत नाही. पात्रांनी बोलायचं कधी? तीन, एकाही तुकड्याला शेवट नाही, सगळे मध्येच तुटल्यासारखे बंद होतात. सुधारून पाठवलं तर पुन्हा ऐकू.

चाचाला तिसरा मुद्दा काही केल्या पटेना. "वरातमा शेवट कोन करस रे? नवरदेव मांडवमा जास नही तवलोंग वाजाडनं पडस."

खरं होतं त्याचं. आमच्याकडे बँड मध्येच थांबला तर नाचणारे अंगावर येतात. दोन वर्षांपूर्वी एका गावात बँडवाल्यानं पाणी प्यायला वाजवणं थांबवलं, तर वराकडच्यांनी त्याचा ढोल फोडला होता. ज्यानं चौतीस वर्षं न थांबण्याची सवय लावून घेतली, त्याला मुंबईवाले सांगत होते, थांब.

पण तो सुधारायला लागला. सुधारणा म्हणजे काय ते मी त्या पावसाळ्यात पाहिलं. हेमकांतच्या मळ्यात केळीच्या बाजूला एक खोली आहे, पूर्वी तिच्यात खताच्या गोण्या असायच्या. तिच्या भिंतींना त्यांनी गोधड्या टांगल्या. आधी वाहरूनं एकट्यानं ढोल वाजवला, मग हेमकांतनं कीबोर्ड, मग दोन्ही कानात घालून चाचानं क्लॅरनेट. बाहेर पाऊस लागला की पत्रा वाजे आणि थांबावं लागे. पाऊस थांबला की केळीची ट्रक येई. ट्रक गेली की वीज जाई. मी रविवारी दुकान बंद करून जायचो आणि तिथं बसून सगळ्यांवर चिडायचो, दुसरं माझं तिथं काम नव्हतं.

पहिल्या दिवशी चाचाला वाजवताच येईना. हेमकांतनं त्याला स्टुलावर बसवलं होतं. दोन ओळी झाल्या की दम तुटायचा. चार-पाच वेळा असं झाल्यावर तो कावराबावरा झाला. म्हणाला, "माले चालता चालताच वाजाडता येस." आयुष्यात बसून वाजवलंच नव्हतं त्यानं. मग स्टूल काढलं आणि तो त्या दहा बाय दहाच्या खोलीत जागच्या जागी पाय उचलत चालायला लागला. सूर लागला. पण रेकॉर्डिंगमध्ये चपलांचा आवाज आला, म्हणून चपला काढल्या. मग अनवाणी पायांचा आला, म्हणून खाली अजून एक गोधडी. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, एक छप्पन वर्षांचा माणूस जागेवरच वरात काढत होता. मी हसलो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सप्टेंबरमध्ये सातही चाली पुन्हा पाठवल्या. आठवड्यात उत्तर आलं. आवाज चांगला, ढोल चांगला, पण सातही तुकड्यांचा शेवट हुबेहूब एकच का आहे?

मी चाचाला बोलावून विचारलं. तो उलट माझ्याकडेच नवलानं बघत राहिला. म्हणे त्यांनी शेवट मागितला, मी सलामी दिली. वरात मांडवात पोचली की यजमानापुढे उभं राहून बँड सलामीचे ठरावीक सूर वाजवतो, ते वाजले की काम संपलं. बँडवाल्याला माहीत असलेला शेवट तेवढाच. त्यानं प्रामाणिकपणे सातही चालींना सलामी जोडली होती. हेमकांतच्या लक्षात आलं नाही, कारण तोही बँडवालाच. मला तर कळायचा प्रश्नच नव्हता. मुंबईतला तो कोण मेल लिहिणारा होता, त्यानं सात वेळा ती सलामी ऐकली असेल. मी त्या दिवशी चाचाला नाही नाही ते बोललो. अडाणी म्हणालो. तो रुमालानं तोंड पुसत होता. रुमालाला रक्त लागलेलं मी पाहिलं, तेव्हा कुठे माझं तोंड बंद झालं.

तिसऱ्यांदा चाचा आणि हेमकांतनं फक्त चार नंबर रेकॉर्ड केली. बाकीच्या सहा वाजवण्याइतकी ताकद दातांत नव्हती. ऑक्टोबर महिना, कापूस वेचणीचे दिवस, पाऊस गेलेला. मी त्या दिवशी खोलीत होतो. चाचानं क्लॅरनेटच्या तोंडावर कापडाची पट्टी गुंडाळली होती, दातांना कमी लागावं म्हणून. त्यानं सुरुवात केली आणि पहिल्या दोन ओळींनंतर थांबला. मला वाटलं दात दुखला. पण तो मुद्दाम थांबला होता. पात्रांना बोलायला जागा सोडली होती. त्याच्या कानात ढोल चालू होता, तो जागेवर पावलं टाकत होता, आणि मग पुन्हा सूर आला, मघापेक्षा खालून. असं तीनदा. आणि शेवटी सलामी नाही, काही नाही. एक सूर लांबवत नेला आणि दम जिथं संपला तिथं संपू दिला.

 मी मघाशी म्हटलं की मला संगीतातलं कळत नाही. पण तेवढं कळलं. चार नंबर मी आयुष्यभर रस्त्यावर ऐकली असणार आणि त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी बाहेर जाऊन ट्रकवाल्याशी भांडलो.

दिवाळीनंतर चाचाचा गाल सुजला, ताप आला, आणि अमिनाचाचीनं त्याला दवाखान्यात नेऊन एकाच दिवशी चारही दात काढवले. पाचव्या दिवशी कंपनीची मेल आली.

ती मी दुकानात तीनदा वाचली. 'सॅड रिव्हर' त्यांना आवडली होती. मागचे कीबोर्डचे सूर आणि ढोल फार सुंदर, असं लिहिलं होतं. क्लॅरनेट फार भावपूर्ण वाजवली आहे, म्हणूनच ती संवादावर मात करते. सीरियलसाठी ती वगळून नुसता मागचा भाग पाठवावा, तो आम्ही घेतो. खाली होकारासाठी बटण, आणि तीन दिवसांची मुदत.

मी हेमकांतला फोन केला. तो आला, मेल वाचली आणि खाली बघत बसला. म्हणाला, "भाऊ, कॉम्प्युटरवर एक बटन दाबं की क्लॅरनेट बंद." दाबायचं की नाही, ते चाचालाच विचारायला हवं होतं. एवढं साधं. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, किंवा हो म्हणाला असता. त्याची वस्तू, त्याचा निर्णय. पण दात काढून पाच दिवस झालेल्या माणसाला हे सांगायचं कसं, ते आम्हाला सुचेना. पुन्हा वाजवून तर तो काही देऊ शकत नव्हता. आम्ही स्वतःची समजूत घातली की नाव तर त्याचंच लागेल, चाल त्याचीच आहे. हेमकांतनं बटण दाबून क्लॅरनेट काढली आणि उरलेला भाग कंपनीला पाठवला. मी त्याच दिवशी चाचाच्या घरी गेलो, दारातूनच ओरडलो, "पास व्हयनं, चाचा!" आणि होकारासाठी त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला.

त्यानं आकडे वाचून दाखवले. पुढचे दात नसल्यामुळे सहा आणि सात नीट म्हणता येत नव्हते, दोनदा विचारावे लागले. कशाचा ओटीपी ते त्यानं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मग तो रडला. तोंडावर हात ठेवून रडला, कारण तोंड उघडं दाखवायची त्याला लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी साखरेच्या आजाराचा तो माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन बसस्टँडपर्यंत सगळ्यांना वाटत आला. मीही पेढा खाल्ला.

फेब्रुवारीत मेल आली की अमुक सीरियलमध्ये, सोमवारपासूनच्या भागांत तुकडा वापरला आहे. सीरियल संध्याकाळी सातची. चाचाच्या घरी मोहल्ला जमला. अमिनाचाचीनं चटया अंथरल्या. मी आणि हेमकांत भिंतीला टेकून उभे होतो. सीरियलमध्ये एक सासू आणि एक सून स्वयंपाकघरात भांडत होत्या. भांडण संपून सून एकटी राहिली आणि तिच्या मागे मंद कीबोर्ड आणि ढोल सुरू झाला, वीसेक सेकंद. मी हेमकांतकडे पाहिलं, हेमकांतनं जमिनीकडे. मग जाहिरात लागली.

"कव्हय लागी?" अमिनाचाचीनं विचारलं.

मी म्हणालो, "आज नही दिखात. सकाय लागी, चाची."

माझ्या जिभेला हाड नाही. उद्या लागेल म्हणालो. उद्या पुन्हा तेच म्हणालो. लोक दोन दिवसांत यायचे बंद झाले, पण चाचा रोज सात वाजता टीव्हीसमोर बसायचा. चाची दुकानावरून जाताना सांगायची की आज पण नाही लागलं. मी फॉर्म भरण्यात गुंग असल्याचं दाखवायचो. अकरा दिवस मी हे केलं.

बाराव्या दिवशी दुपारी तो स्वतः आला. रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आल्यावर बाकावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "अमृतभाऊ, ते वाजनं. पहिल्याच दिशी वाजनं."

मी पुढच्या माणसाचा फॉर्म हातात घेतला.

"वाहरूना हात माले वळखाले येस नही का? चार नंबर शे ते. मी अकरा दिन वाट दखी. टीव्हीनी नही. तुन्ही. तू सांगशी म्हनीसन."

रांगेतला एकजण कुरकुरला. मी त्याला हाकलून शटर अर्धं ओढलं. मग मी चाचाचे हात धरले आणि सगळं सांगितलं. मेल आली ते, बटण दाबलं ते, ओटीपी कशाचा होता ते. माफी मागितली. शाळा सोडल्यापासून मी कोणाची माफी मागितली नव्हती. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त एक विचारलं.

"मन्हं क्लॅरनेट खराब व्हतं का?"

"नही चाचा. मायनी आन. भारी व्हतं. त्यास्ले बोलाले जागा पाहिजे व्हती, म्हनीसन काढं."

"दात हाली ऱ्हायना व्हतात. सूर हालना व्हई."

"नही हालना. खरंच सांगस."

"पास व्हयनं सांगं, तव्हय बी तू खरंच सांगी ऱ्हायना व्हता."

मी उठून कॉम्प्युटरवर ती मेल काढली. पडदा त्याच्याकडे फिरवला. हे बघ, म्हणालो, इथं लिहिलं आहे, फार भावपूर्ण वाजवली आहे, म्हणूनच. हा शब्द बघ, इथं, या ओळीत.  तो पडद्याकडे बघत नव्हता, कारण इंग्रजी त्याला वाचता येत नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी ओळ इंग्रजीत वाचली, मग मराठीत सांगितली, मग अहिराणीत. हेमकांतला फोन लावतो म्हणालो. क्लॅरनेटवालं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, लावतो, तूच ऐक म्हणालो. त्यानं मान हलवून नको म्हटलं.

मग तो उठला. शटरखालून वाकून बाहेर पडण्याआधी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जशी काही समजूत माझीच घालायची होती.

"ऱ्हाऊ दे, अमृतभाऊ. खराबच व्हतं व्हई."